कॅप्टन, अधिकारी आणि आजोबा : अच्युत पोतदार

'थ्री इडियट्स' हा राजकुमार हिरानी यांचा चित्रपट २००९ च्या डिसेंबरमध्ये आला. त्यातला यंत्राची व्याख्या विचारणारा प्राध्यापक आपल्या घरातल्या लहान मुलांनाही माहीत आहे. आमिर खान पुस्तकाची लांबलचक व्याख्या सांगतो आणि गोंधळलेले सर वैतागून विचारतात, तुला म्हणायचंय तरी काय? तो प्रसंग आजही मोबाईलवर फिरतो. पण ते सर कोण, असे विचारले तर बरेच जण अडखळतात. ते होते अच्युत पोतदार. १८ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यात त्यांचे निधन झाले. एक्याण्णवावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर होता. ते गेले तेव्हाही बहुतेकांना तो एकच प्रसंग आठवला. त्यामागचे आयुष्य मात्र आपण समजून घ्यावे असे आहे.

पोतदारांचा जन्म २२ ऑगस्ट १९३४ रोजी जबलपूरला झाला आणि बालपण इंदूरमध्ये गेले. म्हणजे ते आपल्यासारखेच, महाराष्ट्राबाहेर वाढलेले मराठी. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी, हा अनुभव सिल्वासातल्या आपल्या मुलांना नवा नाही. आपल्याकडे तर त्यात गुजरातीचीही भर पडते. मुलांची मराठी बिघडेल का, ही काळजी आपल्या बैठकांत नेहमी निघते. पोतदारांच्या बाबतीत या दोन भाषा एकमेकींच्या आड आल्या नाहीत. हिंदी चित्रपटांत ते सहज वावरले आणि मराठी मालिकेतले आजोबाही तितकेच खरे वाटले.

शिक्षण झाल्यावर ते मध्य प्रदेशातील रीवा येथे प्राध्यापक झाले. पडद्यावर सर होण्याआधी ते खरोखरच सर होते! पुढे ते भारतीय लष्करात दाखल झाले आणि १९६७ मध्ये कॅप्टन या हुद्द्यावरून निवृत्त झाले. त्यानंतर इंडियन ऑइलमध्ये जवळजवळ २५ वर्षे अधिकारी म्हणून नोकरी केली आणि १९९२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, तिथूनही निवृत्त झाले.

अभिनयाकडे ते वळले तेव्हा वय ४४ होते. नोकरी चालूच होती. गोविंद निहलानी यांचा 'आक्रोश' १९८० मध्ये आला, त्यात पोतदार होते. मग 'अर्धसत्य', 'तेजाब', 'परिंदा', 'राजू बन गया जंटलमन' अशी नावे जोडली गेली. म्हणजे आज ज्या चित्रपटांना आपण अभिजात म्हणतो, त्यांतले काही त्यांनी कचेरी सांभाळून केले.

हे कसे जमते, असा प्रश्न पडेल. नायकाला महिनोन्‌महिने चित्रीकरणात अडकावे लागते. चरित्र अभिनेत्याचे काम बहुधा दोन-चार प्रसंगांचे असते. पोलीस अधिकारी, वकील, मुलीचे वडील, शेजारचे काका. दिवस थोडे लागतात, पण अडचण वेगळीच असते. नायकाची ओळख प्रेक्षकाला हळूहळू पटते. चरित्र अभिनेत्याला मात्र पहिल्याच वाक्यात पटवावे लागते की हा माणूस याच घरातला, याच कचेरीतला आहे. ज्याने वर्ग घेतला, लष्करी शिस्त अनुभवली आणि कचेरीतल्या फायली हाताळल्या, त्याच्याजवळ अशा माणसांचा साठा आपोआप जमतो. पोतदार वडीलधारे, साहेब किंवा सर म्हणून समोर आले की खोटे वाटत नसत, ते बहुधा यामुळेच.

दूरदर्शनच्या काळात 'वागले की दुनिया' आणि श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' या १९८८ च्या मालिकांमध्ये ते दिसले. पुढे खासगी वाहिन्या आल्या आणि त्यांचे काम वाढतच गेले. सव्वाशेहून अधिक चित्रपट, ९५ मालिका, २६ नाटके आणि ४५ जाहिराती अशी त्यांच्या कामाची मोजदाद सांगितली जाते. 'रंगीला', 'वास्तव', 'हम साथ साथ हैं', 'परिणीता', 'लगे रहो मुन्नाभाई' हे सारे १९९२ नंतरचे. 'थ्री इडियट्स' आला तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. सगळ्यांना आठवतो तो प्रसंग त्यांना निवृत्तीनंतर १७ वर्षांनी मिळाला.

मराठी घरांत ते पुन्हा आले ते झी मराठीवरील 'माझा होशील ना' मधले आप्पा म्हणून. मार्च २०२० मध्ये ही मालिका सुरू झाली आणि लगेच टाळेबंदी लागली. जूनमध्ये चित्रीकरणाला परवानगी मिळाली, पण ६५ वर्षांवरील कलाकारांना सेटवर येण्यास महाराष्ट्र शासनाने मनाई केली होती. हेतू काळजीचा होता, तरी ज्येष्ठ कलाकारांच्या दृष्टीने तो पोटाचा आणि मानाचा प्रश्न झाला. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. इतरांना दुकान उघडून बसता येते, तर केवळ वयावरून कलाकाराचे काम कसे थांबवायचे, असा तो मुद्दा होता. त्याच महिन्यात पोतदारांनी ८६ व्या वर्षी पूर्ण केलेले वय मोजले, तर हा वाद कोणासाठी होता ते कळते.

सैनिक आणि कलावंत ही दोन वेगळ्या जातीची माणसे, असे आपण उगाच मानतो. सिल्वासाच्या लोकांना तरी हे सांगायला नको. २ ऑगस्ट १९५४ रोजी हे गाव पोर्तुगीज सत्तेतून मोकळे झाले, त्या लढ्यात गायक-संगीतकार सुधीर फडके होते आणि शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरेही होते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे इथल्या कारखान्यांतील नोकरीच्या निमित्ताने आली आणि इथलीच झाली. त्या पिढीतले बरेच जण आता निवृत्त होत आहेत. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात, आणि घरी मोकळा वेळ. "आता या वयात काय नवीन करायचं?" हे वाक्य गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमीला माणसे शोधताना हमखास ऐकू येते. पोतदारांनी सुरुवात ४४ व्या वर्षी केली आणि नोकरी संपल्यावर काम थांबवले नाही. सगळ्यांना मोठा पडदा मिळेल असे नाही. पण आजोबांची, सरांची, शेजारच्या काकांची भूमिका प्रत्येक नाटकात असते, आणि ती करायला आयुष्य पाहिलेला माणूसच लागतो.