ऑक्सिजन संपलेल्या पाण्यातलं हिरवं जग

अरबी समुद्रात साधारण १०० ते १५० मीटर खाली गेलं की पाण्यातला ऑक्सिजन जवळजवळ संपतो, आणि पुढे १००० मीटरपर्यंत तीच परिस्थिती राहते. हे ऐकलं की ‘प्रदूषण, दुसरं काय!’ अशी प्रतिक्रिया हमखास येते. पण १९३३-३४ साली ‘मबाहिस’ जहाजावरून निघालेल्या जॉन मरे मोहिमेलाही हे पाणी सापडलं होतं. वरच्या उजेडात वनस्पतिप्लवक अमाप वाढतं, मेलं की खाली जातं आणि ते कुजवताना जिवाणू ऑक्सिजन फस्त करतात. उत्तरेला आशिया खंड आडवा, त्यामुळे तिकडून ताजं थंड पाणी यायला वाटच नाही. दक्षिणेकडून येतं ते वाटेतच बराचसा ऑक्सिजन गमावून.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे : ऑक्सिजन नाही म्हणजे तिथे वनस्पतिप्लवक नाही. खरं तर ऑक्सिजन तयार करणाऱ्या जीवाला तो बाहेरून मिळण्याची तेवढी निकड नसते, त्याला हवा उजेड. जहाजावरून सोडलेल्या यंत्राचा आलेख पाहा. हरितद्रव्याची रेघ एकदा फुगते, मग ओसरते. आणि जिथे ऑक्सिजनची रेघ तळाला टेकते, नेमकी तिथे पुन्हा फुगते. हा दुसरा फुगवटा असतो प्रोक्लोरोकॉकसचा. हा जीव एक मायक्रॉनहूनही लहान. केसाच्या जाडीच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा. १९८८ साली त्याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध झालं. पृष्ठभागावरच्या उजेडाच्या एक टक्क्याहून कमी उजेडात त्याचं भागतं, आणि या थरात अन्नद्रव्यांची ददात नसते. मग त्याने तयार केलेला ऑक्सिजन जातो कुठे? शेजारचे जिवाणू तो जागीच संपवतात. यंत्र शून्य दाखवतं ते त्यामुळे. मेक्सिकोलगतच्या पॅसिफिकमध्येही हेच आढळतं. अट एकच : ऑक्सिजनरहित थर उजेड पोहोचेल इतका वर हवा. तो किती वर, हे ठरवतात प्रवाह आणि भोवरे.

आणि प्रवाह म्हणजे ताजं पाणी, हेही खरं नाही. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वरचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, त्याच्याखालचा उत्तरेकडे. याच काळात खालचं थंड, अन्नद्रव्यांनी भरलेलं पण ऑक्सिजन हरवलेलं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ भागात चढतं. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचं पातळ झाकण, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७पासून कांदोळीसमोर जेमतेम पंचवीस-तीस मीटर पाण्यात मोजमाप करते आहे. सप्टेंबरच्या सुमारास तिथल्या तळाच्या पाण्याला काही वेळा सडक्या अंड्यांचा वास येतो : हायड्रोजन सल्फाइड. वर मात्र त्याच अन्नद्रव्यांवर प्लवकाची चंगळ! पण ही चंगळ पूर्ण नाही, कारण तळाचे जिवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात आणि त्यातला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो.

उरली हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात पसरणारी हिरवी नॉक्टिल्युका, हेही एक प्लवकच. ‘ऑक्सिजन घटल्यामुळेच ती फोफावते’ हे मत २०१४च्या एका अभ्यासानंतर बरंच गाजलं. त्यानंतरच्या मोजमापांत मात्र तिच्या भोवतीच्या वरच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर आढळला. जमिनीवरून येणारे थंड कोरडे वारे पाणी गार करून ढवळतात आणि खालची अन्नद्रव्यं वर आणतात, हे कारण मला अधिक पटतं. वाद मात्र मिटलेला नाही.