घराची भुई : दगड, लाकूड आणि मधला उंबरा

मजूर संघटनेचा माणूस व्यासपीठावर चढला की आता मागण्यांची यादी येणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मात्र आम्ही पायाखालच्या भुईविषयी बोलणार आहोत. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण सुतार-गवंड्यांच्या संगतीत झाले. जे सांगतो ते त्यांचेच आहे.

आपल्या मराठवाड्यातील जुन्या वाड्यात सगळीकडे एकच भुई कधी नव्हती. ओसरीला दगड, माजघराला शेणाचे सारवण, माडीला सागाचे तक्ते. भोकर-किनवटच्या रानात साग होता; शहाबादची फरशी त्याच निजामी मुलखातून येई. ज्या खोलीचे जे काम, तशी तिची भुई. तेव्हा आज कोणी बैठकीला लाकूड, माजघराला दुसरे लाकूड आणि स्वयंपाकघराला शहाबादी घालू म्हटले, तर तो नवा नखरा नव्हे. प्रश्न एवढाच, की दोन भुया भेटतात तेथे काय करावे?

दगड स्थिर असतो, लाकूड हलते. वैशाखात ते आटते, श्रावणात फुगते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, रुंदीत असतो. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत, ज्या फळीत वलये आडवी पडतात ती शेकडा सुमारे ६ आटते. ज्या फळीत वलये उभी राहतात ती सुमारे २.५. इतर अनेक लाकडे याहून अधिक आटतात. म्हणून दोन जातींची लाकडे एकमेकांना घट्ट भिडवणे म्हणजे दोन वेगळ्या चालीचे बैल एका जुवाला जुंपणे होय.

आमच्याकडे एकदा एक तंटा आला. घरमालकाने जुन्या माडीचे तक्ते काढून नव्या घराच्या बैठकीत बसवून घेतले होते. पहिल्याच पावसाळ्यात भुई मध्येच उचलली गेली, शेजारच्या फरशीचा काठ फुटला आणि सुताराची मजुरी अडकली. आम्ही जाऊन पाहिले. फळ्या भिंतीला आणि फरशीला गच्च टेकलेल्या; ही चूक सुताराची होती, आणि ती आम्ही त्याच्या तोंडावर सांगितली. परंतु खालचा काँक्रीटचा थर ओला असताना वास्तुशांतीच्या मुहूर्तासाठी घाई कोणी केली? मालकांनी. सुताराने भुई पुन्हा बसवून दिली, मालकांनी मजुरी दिली, आणि दोघांनी एकमेकांचा चहा घेतला.

त्या तंट्यातून आम्ही जे शिकलो ते असे. काँक्रीटला इंचामागे साधारण महिनाभर वाळू द्यावे. मग त्यावर प्लास्टिकचा तुकडा कडा चिकटवून रात्रभर ठेवावा. सकाळी खाली दव दिसले तर थांबावे. भिंतीलगत अर्धा इंच फट सोडून ती पट्टीने झाकावी. दोन भुया दाराखालीच भेटवाव्यात आणि मध्ये उंबरा घालावा. पट्टी एकाच बाजूला ठोकावी, म्हणजे दुसरी बाजू मोकळी हलेल. फरशी व फळी यांची जाडी आधीच मोजून पातळी जुळवावी, नाही तर रोज कोणाला तरी ठेच लागेल.

रंगाचेही तसेच. जवळजवळ सारखी दोन लाकडे शेजारी ठेवली की चूक झाल्यासारखी दिसतात. स्पष्ट वेगळी असली की मुद्दाम केल्यासारखी. चकाकी मात्र घरभर एकच असावी. जवसाचे तेल दिले तर खरचटलेली जागा तेवढीच पुन्हा तेलवता येते. जाड वार्निश अधिक पाणी सोसते, पण दुरुस्तीला बहुधा सगळी भुई घासावी लागते. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत, त्या आपोआप पेटतात. पाण्यात बुडवाव्यात किंवा पसरून वाळवाव्यात. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू-चिंचेने तिच्यावर डाग पडतात.

आता यादी, ती एकच कलमाची आहे. लाकूड घासताना उडणाऱ्या भुशाची गणना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक पदार्थांत केली. आपली भुई गुळगुळीत करणाऱ्या माणसाच्या छातीत तो भुसा जातो. त्याला चांगला मुखपट्टा आणि उघड्या खिडक्या द्या. गवंडी आणि सुतार यांना काम सुरू होण्यापूर्वी एकत्र बसवा. दोन भुयांमधला उंबरा त्या बैठकीतच बसतो.