बर्फावरील हॉकी आणि दोन मिनिटांची कैद

आमचे एक जुने वर्गणीदार पेठेंत धान्याच्या अडतीचा व्यवसाय करितात. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅनडांत टोरांटो शहरीं स्थायिक झाले असून त्यांचा दहा वर्षांचा नातू तेथें बर्फावरील हॉकी शिकूं लागला आहे. नातवाच्या एका सामन्याचें चित्रमुद्रण घरीं आलें, तें पाहून आजोबांस दोन गोष्टींचा अचंबा वाटला. एक ही कीं, नातवाच्या हातून कांहीं आगळीक होतांच पंचानें त्यास मैदानाच्या कडेच्या कोठडींत बसविलें व दोन मिनिटांनीं सोडून दिलें. दुसरी ही कीं, त्यासोबत आलेल्या एका धंदेवाईक सामन्याच्या मुद्रणांत दोन प्रौढ गडी हातमोजे टाकून एकमेकांस बुक्क्या मारीत होते, आणि पंच बाजूस उभे राहून पाहात होते! “पोराची चूक झाली तर कोठडी आणि थोरांची मारामारी झाली तर तमाशा, हा कोणता न्याय?” असा त्यांनीं आम्हांस प्रश्न केला आहे, व नातवास हा खेळ खेळूं द्यावा कीं नाहीं याविषयीं सल्लाही मागितला आहे. आमचा पेशा वकिलीचा; कायद्याचें नांव निघालें कीं आम्हांस स्वस्थ बसवत नाहीं. शिवाय आतां हा खेळ आपल्या लडाखांतही खेळला जातो, तेव्हां त्याचे नियम चार लोकांस ठाऊक असलेले बरे.

हॉकी म्हटली कीं आम्हां हिंदी लोकांच्या डोळ्यांपुढें ध्यानचंद उभा राहतो. परंतु मैदानी हॉकीचें ज्ञान येथें अर्धेंच उपयोगी पडतें. येथील मैदान म्हणजे सुमारें साठ मीटर लांब व सव्वीस ते तीस मीटर रुंद असें बर्फाचें पटांगण. त्याचे कोपरे गोलाईचे, व सभोंवतीं फळ्यांचें कुंपण आणि त्यावर पारदर्शक तावदानें. चेंडू नाहीं, त्याऐवजीं कठीण रबराची एक चकती असते, तिला ‘पक’ म्हणतात. ती तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची, वजनानें साडेपांच ते सहा औंस, आणि ती उसळूं नये म्हणून खेळापूर्वीं गोठवून ठेवितात. गोलाची चौकट सहा फूट रुंद व चार फूट उंच. प्रत्येक पक्षाचे एका वेळीं सहा गडी बर्फावर असतात. एक गोलरक्षक, दोन पिछाडीचे, तीन आघाडीचे. बाकीचे बांकावर वाट पाहतात, आणि खेळ चालू असतांनाच आळीपाळीनें कुंपणावरून आंत उतरतात. कारण पायांत पातीं बांधून पूर्ण वेगानें धांवणें हें एवढें दमविणारें काम आहे कीं पाऊण मिनिटाच्या वर कोणी नेटानें तें करूं शकत नाहीं. वीस वीस मिनिटांचे तीन डाव, आणि खेळ थांबला कीं घड्याळही थांबतें. चकती संपूर्ण रेषेपार गेली म्हणजे गोल. ती पायानें लाथाडून आंत घातली, किंवा चौकटीच्या आडव्या दांड्याहून उंच काठी नेऊन मारली, तर तो गोल धरीत नाहींत.

नवशिक्यास काठी फिरविण्याआधीं पडावयास व उठावयास शिकवितात, आणि मग थांबावयास. दोन्ही पातीं एकदम आडवीं करून बर्फ खरवडीत थांबणें ही या खेळाची खरी मुळाक्षरें होत. त्यानंतरची गोष्ट म्हणजे काठीचें पातें बर्फावर व नजर वर ठेवणें. चकतीकडे खालीं पाहात धांवणारा गडी समोरून येणारा धक्का चुकवूं शकत नाहीं. आणि धक्का येथें कायदेशीर आहे. ज्याच्याजवळ चकती आहे त्यास खांद्यानें वा अंगानें लोटण्याची प्रौढांच्या पुरुषी सामन्यांत मुभा आहे. ज्याच्याजवळ ती नाहीं त्यास लोटणें मात्र अपराध होय.

या खेळाचा पहिला आंतल्या जागेंतील जाहीर सामना ३ मार्च १८७५ रोजीं कॅनडांतील मॉन्ट्रियल शहरीं व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक या इमारतींत झाला. त्याची योजना जेम्स क्रायटन नांवाच्या तरुणानें केली होती. प्रत्येक पक्षाकडे नऊ गडी होते, आणि चेंडू उडून प्रेक्षकांस लागूं नये म्हणून लांकडाची चपटी चकती वापरली होती. म्हणजे रबराच्या पकाचा हा पूर्वज मुळांत प्रेक्षकांच्या रक्षणासाठीं जन्मास आला. दोन वर्षांनीं, १८७७ मध्यें, तेथील गॅझेट पत्रांत या खेळाचे सात नियम छापून आले. मागून धडक मारणें, पाय घालून पाडणें, लाथ मारणें ह्यांस त्यांत मनाई होती. पण मनाई मोडल्यास शिक्षा काय, तर चकती मागें आणून खेळ पुन्हां सुरू करणें, एवढीच! हे क्रायटन पुढें वकील झाले व कॅनडाच्या सीनेटचे कायदा-अधिकारी म्हणून त्यांनीं सुमारें अर्धशतक काम केलें. आमच्या पेशाचा मनुष्य या खेळाच्या मुळाशीं निघावा ह्याचा आम्हांस थोडा अभिमान वाटतो, हें कबूल करितों.

क्रायटनच्या नियमांत चकती पुढें देण्यास बंदी होती. जो साथीदार चकतीच्या पुढें गेला तो बाद, म्हणजे ‘ऑफसाइड’. १९२९ सालीं उत्तर अमेरिकेंतील नॅशनल हॉकी लीग या धंदेवाईक संस्थेनें ही बंदी मैदानाच्या सर्व भागांत उठविली. परिणाम असा झाला कीं चतुर गडी प्रतिपक्षाच्या गोलापाशीं आधींच जाऊन ठाण मांडूं लागले व गोलांचा पाऊस पडूं लागला. संस्थेनें हंगाम संपण्याची वाट पाहिली नाहीं. त्याच डिसेंबरांत दुरुस्ती केली. बर्फावर दोन निळ्या रेषा असतात. चकती ती रेषा ओलांडून आंत जाण्यापूर्वीं कोणाही चढाई करणाऱ्या गड्यानें आंत जाऊं नये, हा आजच्या ऑफसाइडचा गाभा. कायदा चुकला असें दिसतांच दोन महिन्यांत तो सुधारणारें विधिमंडळ आम्हीं तरी दुसरें पाहिलेलें नाहीं!

दुसरा नियम ‘आयसिंग’चा. आपल्या अर्ध्या भागांतून चकती थेट प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे भिरकावून देणें म्हणजे सावकार पुढच्या दारीं उभा असतां मागच्या दारानें पसार होणें होय. तसें केल्यास खेळ थांबतो, चकती भिरकावणाऱ्याच्या गोलाजवळ परत आणितात, आणि दोन गड्यांच्या मधोमध टाकून खेळ सुरू करितात. दमलेले गडी बदलण्याची सवलतही त्या पक्षास मिळत नाहीं. मात्र ज्या पक्षाचा गडी शिक्षा भोगीत असल्यामुळें बाकीचे अपुऱ्या संख्येनें लढत आहेत, त्यास हा नियम सामान्यतः लागू होत नाहीं.

आतां कोठडीकडे वळूं. तिला ‘पेनल्टी बॉक्स’ म्हणतात. पाय घालणें, काठीनें ओढणें, काठी मारणें, चकती नसलेल्यास अडविणें, असल्या लहान अपराधांस दोन मिनिटें, गंभीर अपराधांस पांच मिनिटें, गैरवर्तनास दहा, आणि त्याहून अधिक झाल्यास सामन्यांतून हकालपट्टी. दोन किंवा पांच मिनिटांच्या शिक्षेंत त्या गड्याच्या जागीं दुसरा येत नाहीं, त्याचे साथीदार एक कमी संख्येनें झुंजतात. येथेंच या खेळाच्या कायद्याचें मर्म आहे. अपराध एकाचा, पण त्याची किंमत सबंध पक्ष भोगतो, आणि तीही मोजून मापून, घड्याळाच्या कांट्यावर. दोन मिनिटांच्या आंत प्रतिपक्षानें गोल केला तर शिक्षा तेथेंच संपते. पांच मिनिटांची मात्र कितीही गोल झाले तरी पुरती भोगावी लागते. कितीही गडी अपराधी ठरोत, गोलरक्षकाखेरीज तीन गडी बर्फावर राहूं दिलेच पाहिजेत. तिसऱ्याची शिक्षा पहिल्याची संपेपर्यंत थांबवून ठेवितात.

यांतील आणखी एक बारकावा आम्हांस फार आवडला. अपराध घडला पण चकती ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच पक्षाकडे आहे, अशा वेळीं पंच शिटी फुंकीत नाहीं; नुसता हात वर करितो. अपराधी पक्षाचा चकतीवर ताबा होईपर्यंत खेळ चालतो. तोंवर अन्याय झालेला पक्ष आपला गोलरक्षकसुद्धां बोलावून घेऊन सहावा चढाईचा गडी पाठवूं शकतो. अपराधामुळें फिर्यादीचाच फायदा बुडूं नये, एवढी काळजी आमच्या दिवाणी कोर्टांतही क्वचित् घेतली जाते.

दोन मिनिटांच्या शिक्षेचा नियमही आधीं असा नव्हता. पूर्वीं कितीही गोल झाले तरी दोन मिनिटें पुरीं भोगावीं लागत. नोव्हेंबर १९५५ मध्यें मॉन्ट्रियल कॅनेडियन्स संघाच्या झां बेलिव्हो यानें प्रतिपक्षाचे गडी कोठडींत असतां ४४ सेकंदांत तीन गोल केले. एवढ्याशा चुकीस एवढी शिक्षा फार होते असें पाहून पुढच्या हंगामापासून पहिल्या गोलाबरोबर अपराध्याची सुटका करण्याचें ठरलें.

येथवर वाचून अडतेमहाशय म्हणतील, ‘कायदा तर शहाणा दिसतो, मग त्या बुक्क्यांचें काय?’ त्यांचा आक्षेप खरा आहे. आंतरराष्ट्रीय सामन्यांत हाणामारी करणाऱ्यास बाहेर घालवितात. परंतु नॅशनल हॉकी लीगमध्यें १९२२ पासून मारामारीस पांच मिनिटांची शिक्षा देऊन गड्यास परत खेळूं देण्याची वहिवाट आहे. शिवाय मारामारी दोघांची असल्यानें बहुधा दोघेही आंत जातात, त्यामुळें कोणत्याच पक्षाचा गडी कमी होत नाहीं; म्हणजे जें मर्म आम्हीं वर सांगितलें तेंच येथें नाहीसें होतें. समर्थक म्हणतात कीं, हाताची भीति असल्यानें काठीचे घाणेरडे वार टळतात. आम्हांस हें म्हणणें पटत नाहीं. पंचाकडे शिक्षेचा अधिकार असतां खासगी सूड हा पोलिसाचा पर्याय मानणें म्हणजे कायद्यानें स्वतःच राजीनामा देणें होय. प्रेक्षकांस मारामारी आवडते व तिकिटें खपतात, हें कारण कोणी उघड सांगत नाहीं एवढेंच. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या आघातांचे परिणाम भोगणाऱ्या शेंकडों माजी गड्यांनीं या संस्थेवर दावे लाविले होते. ते २०१८ सालीं सुमारें १ कोटी ९० लक्ष डॉलरांस मिटले, व संस्थेनें आपली जबाबदारी कबूल केली नाहीं.

रक्षणाच्या बाबतींत हा शहाणा कायदा असाच उशिरां जागा होत आला आहे. १ नोव्हेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्क येथें गोलरक्षक झाक प्लांट याच्या तोंडावर चकती बसून तें फाटलें. टांके घालून घेतल्यावर, मुखवटा घालूं दिल्याशिवाय परत जाणार नाहीं असें त्यानें सांगितलें. मुखवट्यानें नजर अडते व लोक भित्रा म्हणतात, अशी समजूत असलेल्या त्याच्या प्रशिक्षकास अखेर मान तुकवावी लागली. आज मुखवट्यावांचून गोलरक्षक कल्पनेंतही येत नाहीं. २८ ऑक्टोबर २०२३ रोजीं इंग्लंडांत शेफील्ड येथें अ‍ॅडम जॉन्सन हा गडी मानेस पात्याची जखम होऊन मरण पावला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय संघटनेनें आपल्या सर्व स्पर्धांत मानेचें संरक्षक कवच सक्तीचें केलें. मान पूर्वींही तेथेंच होती आणि पातीं पूर्वींही धारदारच होतीं!

लडाखांत हा खेळ लष्कराच्या जवानांपासून लोकांत पसरला. लेह येथील करझू तळें हिवाळ्यांत गोठलें कीं तेंच मैदान. पहिल्या पिढीनें लष्करी बुटांस पातीं ठोकून खेळ केला, हें तेथील लोक कौतुकानें सांगतात. आम्हांसही कौतुक आहे, पण दुसऱ्या पिढीसही तसेंच खेळूं द्यावें असें मात्र नाहीं. भारतीय महिलांचा संघ २०१६ सालीं प्रथम आंतरराष्ट्रीय सामन्यांत उतरला, पुढील वर्षीं बँकॉक येथें त्यानें पहिला विजय मिळविला, आणि २०२५ सालीं आशिया चषकांत कांस्यपदक आणलें. या मुलींपैकीं बहुतेक लडाखच्या आहेत. नैसर्गिक बर्फ वर्षांतून दोनेक महिनेच टिकतो. तेवढ्यांत थांबावयास शिकावें, कीं सामने खेळावे? कृत्रिम बर्फाचीं पटांगणें वर्षभर चालतीं ठेवणें, आणि शिरस्त्राण, जाळी व मानेचें कवच मुलांस सार्वजनिक खर्चानें पुरविणें, हीं दोन कामें सरकारनें एखादा अपघात होण्यापूर्वीं करावीं.

राहिला नातवाचा प्रश्न. कॅनडाच्या राष्ट्रीय हॉकी संघटनेनें २०१३ पासून तेरा वर्षांखालील गटांतही अंगानें लोटण्यास बंदी केली आहे. त्याहून लहान मुलांस ती आधींपासूनच होती. मुलांच्या सामन्यांत संपूर्ण चेहरा झांकणारी जाळी व मानेचें कवच सक्तीचें आहे, आणि मारामारी करणारा मुलगा सामन्यांतून बाहेर जातो. तेव्हां आजोबांनीं निर्धास्तपणें संमति द्यावी. फक्त पुढच्या वेळीं चिरंजीवांशीं बोलतांना, कवच सरावाच्या दिवशींही बांधतात कीं केवळ सामन्याच्या, एवढें विचारून घ्यावें. आणि नातवास त्या दिवशीं कोठडी कशाबद्दल मिळाली तें आम्हांस कळवावें. काठीनें ओढलें असावें, असा आमचा अंदाज आहे.