जीर्ण भागावरून नवा भाग : जुन्या मोटारींच्या गृहबांधणीतील मापन व धातुकाम

सन १९२२ मध्ये इंग्लंडात ऑस्टिन सेव्हन ही छोटी मोटार प्रथम विक्रीस आली आणि १९३९ पर्यंत तिच्या सुमारे २,९०,००० गाड्या तयार झाल्या. तिची रचना साधी व वजन अल्प असल्यामुळे जुनी गाडी घेऊन तिच्या सांगाड्यावर स्वतःच्या कल्पनेप्रमाणे नवी मोटार बांधण्याची प्रथा तेथे रूढ झाली. १९३९ साली स्थापन झालेल्या ‘७५० मोटर क्लब’ने या प्रथेस संघटित रूप दिले. कॉलिन चॅपमन याने १९४८ साली अशाच एका ऑस्टिनवरून बांधलेली गाडी ही पुढील लोटस गाड्यांची आद्य प्रत होय. अशा बांधणीत मूळ भाग मिळेनासा झाला म्हणजे तो नव्याने घडवावा लागतो. पुष्कळदा हाती मूळ आराखडा नसतो. असतो तो केवळ एक झिजलेला किंवा मोडलेला नमुना. त्यावरून नवा भाग कसा सिद्ध करावयाचा, आणि कोणता भाग घरच्या कर्मशाळेत करूच नये, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मापनाचा प्रश्न घेऊ. झिजलेल्या भागाचे आजचे माप हे त्याचे मूळ माप नव्हे, ही गोष्ट उघड असली तरी व्यवहारात वारंवार विसरली जाते. एखाद्या पिनेचा व्यास १२.६१ मिलिमीटर भरला म्हणून त्याच मापाची नवी पीन कातणे म्हणजे झिजेचीच नक्कल करणे होय. पिनेच्या ज्या टोकाला घर्षण झालेले नाही तेथे माप घ्यावे, ती ज्या छिद्रात बसते त्याचेही न झिजलेले अंग मोजावे, आणि त्या काळी इंग्लंडात मापे इंचांच्या अपूर्णांकांत ठरविली जात हे स्मरावे. मग मूळ व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७० मिलिमीटर, असावा हे अनुमान दृढ होते. प्राचीन ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारा संपादक एकाच भ्रष्ट पोथीवर विसंबत नाही. तो अनेक पोथ्या ताडून मूळ पाठाकडे जातो. येथील रीतही तीच आहे.

आट्यांच्या बाबतीत ही दक्षता अधिकच हवी. व्हिटवर्थ याने १८४१ साली सुचविलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, तर १९४९ पासून प्रचारात आलेल्या एकीकृत आट्यांचा ६० अंशांचा. तीन अष्टमांश इंच व्यासाच्या जाड आट्यांत दोन्ही पद्धतींत इंचास १६ च आटे असल्यामुळे एकीचा नट दुसरीच्या बोल्टवर चढतो. परंतु आट्यांच्या बाजू एकमेकींवर पूर्णपणे टेकत नाहीत व भार अल्प पृष्ठावर पडतो. १९२३ साली मॉरिसने होचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीचा कारखाना घेतल्यानंतर तेथील इंजिनांत आटे मेट्रिक, पण डोकी व्हिटवर्थ पान्यास बसणारी, असे बोल्ट वापरले गेले. पाना बसला म्हणून आटेही त्याच पद्धतीचे असतील, असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

ओतकामात वेगळी अडचण येते. धातू थिजताना व निवताना आकसतो. बिडाचे आकुंचन साधारणतः शेकडा १, तर ॲल्युमिनियमचे शेकडा १.३ असते. जुना ॲल्युमिनियमचा भागच वाळूत दाबून साचा केला, तर ३०० मिलिमीटर लांबीत नवा भाग जवळजवळ ४ मिलिमीटर आखूड येतो आणि बोल्टची छिद्रे जुळत नाहीत. छिद्रे कानशीने रुंद केल्याने भाग बसेल, परंतु तो नेमका बसणार नाही. यासाठी लाकडी नमुना आकुंचनाइतका मोठा करावा आणि ज्या पृष्ठांवर पुढे कातकाम व्हावयाचे तेथे आणखी दोन-तीन मिलिमीटर धातू राखावा. अलीकडे त्रिमितीय क्रमवीक्षणाने जुन्या भागाचे रूप संगणकात उतरविता येते. पण ते यंत्र झिजलेले पृष्ठही तितक्याच निष्ठेने नोंदविते. मूळ माप कोणते, याचा निर्णय माणसासच करावा लागतो.

जुन्या इंजिनांत संयोगदंडाच्या मोठ्या टोकाचे बेअरिंग पांढऱ्या धातूचे असे. आयझॅक बॅबिट याने १८३९ साली पेटंट घेतलेल्या रचनेवरून आलेल्या या मिश्रणांपैकी एका प्रचलित प्रकारात शेकडा ८९ कथील, ७.५ अँटिमनी व ३.५ तांबे असते. ते सुमारे २४१ अंश सेल्सिअसला वितळू लागते व ३५४ अंशांच्या सुमारास पूर्ण द्रव होते. दंड स्वच्छ करून, कल्हई देऊन व पुरेसा तापवून घेतला नाही तर धातू नुसता आत बसतो, चिकटत नाही; आणि असा थर भाराखाली तडकून सुटतो. ओतल्यानंतर कातून ठेवावयाची फट व्यासाच्या एक सहस्रांशाच्या आसपास असते. ३३ मिलिमीटर व्यासास ती सुमारे ०.०३ मिलिमीटर येते, आणि तेलाचा थर तेवढ्यातच राहतो.

येथवरच्या चुका बहुधा खर्चाच्या असतात. पुढील चूक प्राणांवर बेतू शकते. ऑगस्ट व्होलर याने १८५० ते १८७० या काळात रेल्वेच्या आसांवर केलेल्या प्रयोगांनी दाखविले, की पुनःपुन्हा पालटणाऱ्या भाराखाली पोलाद आपल्या स्थिर शक्तीहून पुष्कळ कमी भारास मोडते. मिनिटास ३००० फेरे घेणाऱ्या दंडास साडेपाच तासांत जवळजवळ दहा लक्ष वेळा भार सोसावा लागतो. ऑस्टिनच्या क्रँकशाफ्टला १९३६ पर्यंत दोनच मुख्य बेअरिंगांचा आधार असल्यामुळे वेग वाढविताच तो मध्ये वाकू लागे. अशा भागावर कातकामाने राहिलेला एखादा तीक्ष्ण कोपरा म्हणजे चिरेचे बीजच होय. म्हणून स्टिअरिंगचे दांडे, आस व ब्रेकचे तरफदंड ओतून किंवा अज्ञात पोलादातून कधीही करू नयेत. पोलाद ज्ञात असावे, भाग घडाईचा असावा, कोपऱ्यांस गोलाई असावी आणि भेगांची तपासणी झाल्याखेरीज तो गाडीस लावू नये.

शेवटी एक नैतिक मुद्दा. आंतरराष्ट्रीय जुन्या मोटारींच्या महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली तुरिन सनद असे सांगते, की बदललेल्या भागांवर कायमची व सहज ओळखू येणारी खूण असावी. नवा भाग जितका उत्तम तितकी ही खूण अधिक आवश्यक. कारण आपण केलेले अनुमान पुढच्या अभ्यासकाने मूळ पुरावा म्हणून मोजू नये. त्या खुणेशेजारी धातूचा प्रकार व गृहीत धरलेली मापे यांची नोंद ठेवली, तर आपल्या कामातील चूकही पुढील माणसास उपयोगी पडते.