डेन्मार्कमधील उन्हाळी अभ्यासवर्ग : शाश्वत विकासाचा प्रत्यक्ष पाठ

विकासाची गती कायम राखून निसर्गाचा समतोल कसा सांभाळावा, हा प्रश्न आज विद्वानांच्या परिषदांपुरता मर्यादित राहिलेला नाही. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणविषयक जागतिक परिषद भरली आणि १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने ‘शाश्वत विकास’ ही संकल्पना जगापुढे ठेवली. भावी पिढ्यांच्या गरजांना बाध न आणता आजच्या गरजा भागविणारा विकास, असा तिचा आशय होय. तेव्हापासून अनेक देशांतील विद्यापीठांनी या विषयाला आपल्या अभ्यासक्रमात स्थान दिले. त्यातूनच परदेशी विद्यार्थ्यांना काही आठवडे सामावून घेणारे उन्हाळी अभ्यासवर्ग रूढ झाले. कोपनहेगन आणि ऑर्हुस येथील विद्यापीठांचे वर्ग या प्रकारात मोडतात. असा वर्ग म्हणजे नेमके काय, तेथे काय शिकावयास मिळते आणि आपल्या विद्यार्थ्याने तेथून काय घेऊन यावे, याचा विचार करणे उपयुक्त ठरेल.

वर्गाचे स्वरूप

युरोपातील उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. या काळात तेथील नियमित अध्यापन बंद असते. त्या मोकळ्या काळात एकेक विषय निवडून तो काही आठवड्यांत सलग शिकविला जातो. सकाळी व्याख्यान, दुपारी गटचर्चा किंवा क्षेत्रभेट आणि शेवटी निबंध वा तोंडी परीक्षा, असा सर्वसाधारण क्रम असतो. अभ्यासाचे मोजमाप युरोपीय श्रेयांकांत होते. पूर्ण शैक्षणिक वर्षाचे ६० श्रेयांक धरले जातात आणि एका श्रेयांकासाठी २५ ते ३० तासांचे काम अपेक्षित असते. म्हणजे दहा श्रेयांकांचा अभ्यासक्रम हा अडीचशे ते तीनशे तासांच्या परिश्रमाचा होय. ज्याला ही केवळ सहल वाटते, त्याचा तेथे लवकरच भ्रमनिरास होतो.

डेन्मार्कच का?

१९७३ साली खनिज तेलाचे संकट उद्भवले, तेव्हा डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. रविवारी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी घालण्याची पाळी त्या देशावर आली. या धक्क्यातून त्याने १९७६ साली पहिली राष्ट्रीय ऊर्जा योजना आखली आणि १९७९ साली उष्णतापुरवठ्याचा कायदा केला. या कायद्यान्वये प्रत्येक नगरपालिकेवर आपल्या क्षेत्रातील घरे उबदार ठेवण्याचे नियोजन करण्याची जबाबदारी आली. एका केंद्रात पाणी तापवावयाचे आणि जमिनीखालील नळांतून ते घरोघर फिरवावयाचे, अशी ही सामुदायिक व्यवस्था आहे. आज तेथील सुमारे दोन-तृतीयांश घरांना उष्णता अशा रीतीने मिळते. १९८५ साली डेन्मार्कच्या संसदेने अणुवीज आपल्या ऊर्जा नियोजनातून वगळली.

वाऱ्यापासून वीज निर्माण करण्याची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. आस्कोव्ह येथील लोकशाळेत पाउल ला कूर या शिक्षकाने १८९१ साली पवनचक्कीद्वारे वीजनिर्मितीचे प्रयोग सुरू केले. योहानेस यूल यांनी १९५७ साली गेडसर येथे उभारलेली २०० किलोवॅटची पवनचक्की पुढील यंत्रांना आदर्श ठरली. सत्तरीच्या दशकानंतर गावोगावच्या शेजाऱ्यांनी भाग घेऊन पवनचक्क्यांच्या सहकारी संस्था काढल्या. २००० साली कोपनहेगनजवळच्या समुद्रात मिडेलग्रुंडेन येथे वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांपैकी निम्म्या अशाच एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या. आज डेन्मार्कच्या विजेपैकी सुमारे निम्मी वीज वाऱ्यापासून मिळते.

साम्सो बेटाची कहाणी

डेन्मार्कमध्ये या विषयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने पाहिलेच पाहिजे असे एक ठिकाण म्हणजे साम्सो हे बेट. सुमारे ११४ चौरस किलोमीटर क्षेत्रफळाच्या या बेटावर चार हजारांहून कमी लोक राहतात. शेती हा त्यांचा मुख्य व्यवसाय. १९९७ साली सरकारने एक स्पर्धा जाहीर केली. दहा वर्षांत केवळ नूतनक्षम ऊर्जेवर कसे जगता येईल, याचा आराखडा बेटांकडून आणि लहान प्रदेशांकडून मागविण्यात आला. त्यात साम्सोची निवड झाली.

साम्सोवासीय पर्यावरणाचे उपासक होते, असे नव्हे. त्याच सुमारास बेटावरील कत्तलखाना बंद पडून अनेकांचा रोजगार गेला होता. गाव टिकेल की नाही, ही खरी चिंता होती. अशा वेळी सोरेन हर्मनसेन या शेतकरीपुत्र शिक्षकाने गावोगाव बैठका घेतल्या. पवनचक्की दृष्टीआड करणारा डोंगर तेथे नाही. आपल्या अंगणातून दुसऱ्याची मिळकत फिरताना कोणाला आवडणार? म्हणून या यंत्रांत स्थानिकांचा हिस्सा असावा, हे तत्त्व प्रथमपासून स्वीकारण्यात आले.

२००० साली जमिनीवर प्रत्येकी एक मेगावॅटच्या अकरा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांत शेतकरी आणि सहकारी संस्था मालक झाल्या. २००३ पर्यंत दक्षिणेकडील समुद्रात प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या आणखी दहा यंत्रांची भर पडली. त्यांपैकी पाच नगरपालिकेने घेतली. घरांच्या उष्णतेसाठी चार केंद्रे कार्यरत झाली. तीन ठिकाणी शेतातील काड जाळले जाते, तर उत्तरेकडील केंद्रात लाकडाचे तुकडे आणि सूर्यउष्णता यांचा उपयोग होतो. साखर कारखान्यात उसाच्या चिपाडावर बॉयलर चालताना पाहिलेल्या मराठी विद्यार्थ्यास या केंद्राचे काम समजण्यास अडचण पडू नये. २००७ साली बेटावर ऊर्जा अकादमी स्थापन झाली. जगभरातून येणाऱ्या अभ्यासकांचे ते मुख्य केंद्र होय.

आकड्यांमागचे वास्तव

‘शंभर टक्के नूतनक्षम’ या शब्दांचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावयास हवा. साम्सोवरील मोटारी आणि जहाजे तेलावरच चालत होती. त्या तेलाची भरपाई व्हावी, म्हणून समुद्रातील पवनचक्क्यांची जादा वीज तारेने मुख्य भूमीकडे पाठविण्यात आली आणि वार्षिक हिशेबात जमाखर्च जुळविण्यात आला. वारा पडतो तेव्हा त्याच तारेने वीज बेटावर येते. हा हिशेब खोटा नाही. मात्र तो वर्षाचा हिशेब आहे, प्रत्येक तासाचा नव्हे.

दुसरी गोष्ट ऋतूची. उन्हाळी वर्गाचा विद्यार्थी डेन्मार्कचे सर्वांत प्रसन्न रूप पाहतो. दिवस लांब असतो, सूर्यपट्टे तळपत असतात आणि घरांना उष्णतेची फारशी गरज नसते. तेथील व्यवस्थेची खरी कसोटी जानेवारीच्या अंधाऱ्या, गोठविणाऱ्या दिवसांत लागते. म्हणून दक्ष विद्यार्थ्याने हिवाळ्यातील आकडे मागून घ्यावेत. उन्हाळ्यात डेन्मार्क पाहून निष्कर्ष काढणे म्हणजे श्रावणात आपला दुष्काळी तालुका पाहून त्याच्या पाण्याचा हिशेब मांडण्यासारखे आहे.

अपयशेही अभ्यासाचा भाग आहेत. २०२५ पर्यंत कार्बन-समतोल साधण्याचा कोपनहेगन शहराचा संकल्प होता. तो त्या मुदतीत पूर्ण होणार नाही, हे २०२२ मध्ये मान्य करण्यात आले. डेन्मार्कची पशुपालनप्रधान शेती हे त्या देशाचे दुखणे आहे. त्यावर उपाय म्हणून पशुधनातून होणाऱ्या वायू-उत्सर्जनावर २०३० पासून कर आकारण्याचे २०२४ मध्ये ठरविण्यात आले.

जाण्यापूर्वी

आपल्याकडे जुलै-ऑगस्ट हा ऐन सत्राचा काळ असतो. त्यामुळे उपस्थितीची सवलत आणि तेथील श्रेयांकांची मान्यता यांविषयी आपल्या महाविद्यालयाकडून लेखी संमती आधीच घ्यावी. युरोपबाहेरील विद्यार्थ्यांस सामान्यतः शुल्क भरावे लागते. मात्र दोन विद्यापीठांत देवाणघेवाणीचा करार असल्यास त्यातून सूट मिळू शकते. त्याची प्रथम चौकशी करावी. राहण्याचा आणि जेवणाचा खर्च तेथे भारी असतो. डेन्मार्क शेंगेन क्षेत्रात असल्याने नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. त्यासाठी पुरेसा अवधी हाती ठेवावा.

आणखी एक हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा. मुंबई ते कोपनहेगन हे अंतर सहा हजार किलोमीटरांहून अधिक आहे आणि विमानाचे इंधनही हवेत धूरच सोडते. पर्यावरणाच्या अभ्यासासाठी केलेला प्रवास पर्यावरणालाच भार होतो. हा भार, आणि त्याबरोबरच आईवडिलांनी काटकसरीने साठविलेला पैसा, सार्थकी लागावयाचा असेल तर परतताना हाती काहीतरी ठोस असले पाहिजे.

काय घेऊन यावे?

पवनचक्की आपल्याला नवी नाही. साताऱ्याच्या पठारांवर ती अनेक वर्षे फिरत आहे. तिचे शास्त्र आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतही शिकता येते. साम्सोवर जे पाहावयाचे ते बैठकीच्या खोलीत असते. पवनचक्कीची जागा कोणी ठरविली? विरोध करणाऱ्याचे म्हणणे कोठे नोंदले गेले? भाग विकत घेण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबाला काय मिळाले? या प्रश्नांची उत्तरे यंत्राच्या माहितीपत्रकात सापडत नाहीत.

पर्यावरणविषयक माहिती मिळण्याचा, निर्णयात सहभागी होण्याचा आणि न्याय मागण्याचा नागरिकांचा हक्क मान्य करणारा आंतरराष्ट्रीय करार १९९८ साली ऑर्हुस येथेच झाला, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे, ग्रामसभा आहेत, मोठ्या प्रकल्पांपूर्वीची जनसुनावणी आहे आणि सहकाराची दीर्घ परंपराही आहे. साधने हाताशी आहेत. ती कसोशीने वापरणारी, आकडे वाचू शकणारी आणि गावकऱ्यांच्या भाषेत ते समजावून सांगणारी माणसे हवी आहेत.

परदेशी वर्गातून परतलेल्या विद्यार्थ्याने प्रथम आपल्याच गावाचा एक वर्षाचा ऊर्जेचा आणि पाण्याचा ताळेबंद मांडावा. किती डिझेल येते, किती वीज लागते, किती काड बांधावर जळून जाते, याची नोंद करून तो ग्रामसभेपुढे वाचावा. तेथे उपस्थित होणाऱ्या शंकांना त्याला समाधानकारक उत्तरे देता आली, तर त्याचा उन्हाळा कारणी लागला असे समजण्यास हरकत नाही.