हृदय दुरुस्त झाले, मूत्रपिंडांचे काय?

शाळा सुरू झाल्या की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके वाळवा तालुक्यातल्या गावांमधून फिरू लागतात. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक परिचारिका आणि एक गाडी, एवढाच सरंजाम. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी होते. एखाद्या मुलाच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवल्यावर ठोक्यांच्या मध्ये 'फुस्स' असा आवाज आला, की इस्लामपूरचे उपजिल्हा रुग्णालय, टूडी इको, मग सांगली-मिरज, कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई असा प्रवास सुरू होतो. २०१३ मध्ये हा कार्यक्रम सुरू झाल्यापासून अनेक गरीब घरांतल्या मुलांची हृदये खिशाला हात न लावता दुरुस्त झाली. मूल घरी येते, खेळू लागते, पेढे वाटले जातात. या सगळ्यात मूत्रपिंडांचा, म्हणजे किडन्यांचा, विषय निघतच नाही.

निघायला हवा. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. हृदयाच्या कामात जरा खंड पडला की पहिला फटका त्यांनाच बसतो. ओपन हार्ट शस्त्रक्रियेत हृदय थांबवावे लागते आणि रक्त फिरवण्याचे काम हार्ट-लंग यंत्र करते. १९५३ मध्ये अमेरिकेत हे यंत्र पहिल्यांदा यशस्वीपणे वापरले गेले, तेव्हापासून त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. तरी यंत्र ते यंत्रच. नळ्यांमधून फिरताना काही तांबड्या पेशी फुटतात, त्यातले हिमोग्लोबिन मूत्रपिंडात जाऊन बसते. शरीरभर सूज येते. शस्त्रक्रियेनंतर पहिले एक-दोन दिवस हृदयाचा जोरही कमी असतो. मूल जितके लहान आणि यंत्रावरचा वेळ जितका जास्त, तितका धोका मोठा. तान्ह्या बाळांच्या गुंतागुंतीच्या शस्त्रक्रियांनंतर तीनातल्या एकाला किंवा त्याहून जास्त जणांना मूत्रपिंडाची कमी-अधिक इजा होते, असे जगभरचे अनुभव सांगतात. बहुतेकांची ती भरून येते. काहींना मात्र काही दिवस डायलिसिस लागते. बाळांमध्ये ते बऱ्याचदा पोटात बारीक नळी घालून करतात.

मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन केलेले उपचार सोपे. छिद्र छत्रीसारख्या उपकरणाने बंद करता येते, आकसलेली झडप फुग्याने उघडता येते. धोका इथे कमी, पण शून्य नाही. हृदयाचा आतला नकाशा पडद्यावर दिसावा म्हणून आयोडीनयुक्त रंगद्रव्य सोडतात. ते मूत्रपिंडांतूनच बाहेर पडते आणि मात्रा मुलाच्या वजनाच्या मानाने जास्त झाली तर त्यांना त्रास देऊ शकते. वरच्या दोन कप्प्यांमधले छिद्र बंद करताना बराचसा भाग इकोवर दिसतो, त्यामुळे रंगद्रव्य फार थोडे लागते. ज्या मुलांचे ओठ आणि नखे निळी पडतात त्यांची काळजी मात्र वेगळी. त्यांचे रक्त मुळातच घट्ट असते आणि वर्षानुवर्षे प्राणवायू कमी मिळाल्याने मूत्रपिंडे आधीच दमलेली असतात. अशा मुलाला 'उद्या ऑपरेशन आहे' म्हणून रात्रीपासून पाण्यावाचून ठेवणे बरे नव्हे. भूलतज्ज्ञ साधारणपणे दोन तास आधीपर्यंत साधे पाणी देऊ देतात, नंबर लांबला तर शिरेतून सलाइन लावतात. आजी प्रेमाने आणि काळजीने उपास घडवते, तेव्हा तिला हे सांगावे लागते.

इजा होते आहे हे ओळखायचे कसे? नेहमीची तपासणी म्हणजे रक्तातले क्रिएटिनिन. ते सावकाश वाढते. इजा आज होते, आकडा एक ते तीन दिवसांनी बोलतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी येथील डॉक्टरांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ७१ मुलांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या २० मुलांना मूत्रपिंडाची इजा झाली होती आणि त्यांच्या लघवीत 'एनगॅल' हे प्रथिन दोनच तासांत वाढलेले आढळले. ही तपासणी अजून सगळीकडे पोहोचलेली नाही. जुने साधन मात्र फुकट आहे : लघवी मोजणे. दहा किलोच्या बाळाला तासाला साधारण दहा मिलिलिटर तरी व्हावी. वॉर्डातली सिस्टर दर तासाला लघवीची पिशवी बघते, लंगोट तराजूवर ठेवते, तेव्हा नातेवाइकांना ते चमत्कारिक वाटते. ती खरे तर हृदयाची आणि मूत्रपिंडांची खबर घेत असते.

आता खरी अडचण. समजा, कासेगावकडची चार वर्षांची मुलगी आहे, उंची १०० सेंटिमीटर. शस्त्रक्रियेआधी तिचे क्रिएटिनिन ०.४ होते. घरी परतल्यावर महिन्याभराने ताप आला म्हणून जवळच्या लॅबमध्ये रक्त तपासले. आकडा आला ०.९. शेजारी छापले आहे : नॉर्मल ०.६ ते १.२. वडील निश्चिंत. पण ती छापील मर्यादा मोठ्या माणसांची. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि चार वर्षांच्या मुलीचे स्नायू ते किती! मुलांसाठी उंचीवरून हिशेब करतात : उंचीला ०.४१३ने गुणायचे आणि क्रिएटिनिनने भागायचे. ०.४ असताना उत्तर १०३ येते, ०.९ असताना ४६. म्हणजे मूत्रपिंडांचे काम निम्म्याहून खाली गेले आणि रिपोर्टवर एकही खूण नाही. लहान मुलाच्या रिपोर्टवर मोठ्यांची मर्यादा छापणे ही किरकोळ बाब नाही, पण ती सर्रास चालते.

अशा मुलीला तापासाठी घरातले आयब्युप्रोफेन असलेले सिरप पाजले, तर दुखावलेल्या मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा आणखी आखडतो. तापासाठी वजनाप्रमाणे नुसते पॅरासिटामॉल पुरते. पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन असलेली सिरपही बाजारात आहेत, म्हणून बाटलीवरचे नाव वाचून घ्यावे. जेंटामायसिन, अमिकासिन या इंजेक्शनांच्या बाबतीतही सावधगिरी लागते. अनेक मुले शस्त्रक्रियेनंतर लघवी वाढवणारे औषध आणि एनालाप्रिल घेत असतात. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर ही औषधे तशीच चालू ठेवायची की थांबवायची, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. मनाने बंद करू नयेत आणि मनाने रेटूही नयेत.

या धास्तीने हृदयाची शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हा मात्र उलटा हिशेब ठरेल. नीट काम न करणारे हृदय मूत्रपिंडांना रोजच उपाशी ठेवते, आणि शस्त्रक्रियेतली जोखीम डॉक्टरांच्या नजरेखाली असते. प्रश्न त्यानंतरचा आहे. नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या चाळण्या, आईच्या पोटातच बनतात. जन्मल्यावर नवी चाळणी तयार होत नाही. काही चाळण्या गेल्या तर उरलेल्या जास्त काम करतात, आणि त्या ताणाचा परिणाम कधी कधी बऱ्याच वर्षांनी रक्तदाबावर किंवा लघवीतल्या प्रथिनांवर दिसतो.

म्हणून डिस्चार्ज कार्ड हातात पडले की एक गोष्ट विचारून घ्यावी : 'दवाखान्यात असताना किडनीला त्रास झाला होता का?' झाला असेल तर तसे कार्डावर लिहून घ्यावे आणि क्रिएटिनिनचा शस्त्रक्रियेआधीचा, सर्वांत वाढलेला आणि घरी सोडतानाचा असे तिन्ही आकडे मागावेत. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीतली प्रथिने आणि मुलांच्या पट्ट्याने मोजलेला रक्तदाब, एवढे तपासले की पुष्कळ कळते. पुढे किती दिवसांनी पाहायचे हे डॉक्टर त्यावरून ठरवतात. यासाठी पेठ नाक्यावरून पुण्याची गाडी पकडायची गरज नाही. हे इस्लामपुरातच होते. फक्त रक्त द्यायला जाण्याआधी मुलाला भिंतीला टेकवून उभे करावे, उंची मोजावी आणि डॉक्टरांच्या कागदावर लिहून न्यावी.