परदेशी फोनांतील लबाडीचा भुर्दंड कोणीं सोसावा ?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत परदेशीं फोन करण्याचा प्रसंग पूर्वीं क्वचितच येत असे. ज्यास तो येई, तो खामगांव किंवा मलकापूर येथील फोनच्या बूथमध्यें जाऊन मीटरच्या लाल आंकड्यांवर डोळे खिळवून बोलत असे. आतां यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे. मीटर मात्र दिसेनासा झाला. लबाडीस वाव मिळाला तो येथूनच.

समजा, चिखलीच्या एखाद्या अडत्याच्या मोबाइलवर रात्रीं दोन वाजतां एकच घंटी वाजून बंद होते. क्रमांक परदेशचा. भाचा आखातांत नोकरीस असला म्हणजे मनांत नाना शंका येतात. तो उलट फोन करितो आणि तेथेंच फसतो. या युक्तीस जपानी भाषेंत ‘वांगिरी’, म्हणजे एक घंटी वाजवून तोडणें, असें म्हणतात. दुसरी युक्ति याहून भारी आहे. एखाद्या कचेरीच्या अंतर्गत एक्स्चेंजचा परवलीचा शब्द हुडकून ठकमंडळी शनिवारीं रात्रीं तेथून महागड्या परदेशी क्रमांकांवर शेंकडों फोन लावितात. कचेरीचें कुलूप सोमवारीं उघडतें, आणि बिल महिन्याअखेर येतें.

हा पैसा जातो कोठें, हें नीट समजून घेतलें पाहिजे. येथील कंपनी ग्राहकापासून आकार घेते व त्यांतील हिस्सा परदेशच्या कंपनीस, मध्यें कोणी दलाल असल्यास त्यासही, देते. शेवटच्या टोकास ज्याच्या ताब्यांत ते क्रमांक असतात, तो आपल्या हिश्शांतून ठकास वांटा देतो. म्हणून ग्राहक तक्रार घेऊन गेला कीं कंपनी सांगते, “आम्हांस परदेशीं पैसे भरावे लागतात, आणि फोन तर तुमच्याच यंत्रावरून गेला.” हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं, व हीच खरी अडचण आहे.

बिलाचा तंटा न्यावा कोठें, याविषयींही पुष्कळ दिवस घोळ होता. १८८५ च्या तारयंत्र कायद्याच्या कलम ७-ब प्रमाणें तो लवादाकडेच न्यावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं ठरविलें. ग्राहक मंचाचें दार त्याच न्यायालयानें २०२२ सालीं पुन्हां मोकळें केलें. दार मोकळें झालें, तरी भुर्दंड कोणाचा हा प्रश्न उरतोच.

आमचें मत असें कीं, लबाडी थांबविणें ज्याच्या हातीं आहे, त्यानें मोठा वांटा उचलावा. निजलेल्या माणसास आपला फोन कोठें लागतो आहे हें दिसत नाहीं, कंपनीस दिसतें. ज्या दुकानांतून वर्षभरांत एकही परदेशी फोन गेला नाहीं, तेथून एका रात्रींत दोनशें जाऊं लागले, तर ते तिनें तोडावयास नकोत काय ? आगाऊ पैसे भरणाऱ्या ग्राहकाची परदेशी फोनची सोय त्याच्या स्पष्ट संमतीवांचून खुली करूं नये, असा आदेश ट्रायनें कंपन्यांस २०१२ सालीं दिला, तो याच न्यायानें. रिझर्व्ह बँकेनें तर २०१७ सालीं असें ठरविलें कीं, तिऱ्हाइताच्या लबाडीनें खात्यांतून पैसे गेले व ग्राहकानें तीन कामकाजाच्या दिवसांत कळविलें, तर त्याच्यावर बोजा नाहीं. चूक ग्राहकाची होती हें सिद्ध करणें बँकेकडे. सिंगापुरांत डिसेंबर २०२४ पासून बनावट संदेशांच्या कांहीं फसवणुकींत प्रथम बँकेचें, मग फोन कंपनीचें कर्तव्य तपासतात. दोघांनींही तें बजावलें असेल तरच तोटा ग्राहकाचा. फोनच्या बिलासही असाच कांहीं क्रम लावावा.

मात्र ज्या कचेरीनें परवलीचा शब्द १२३४ असा ठेविला, तिनें कांहींच सोसूं नये, असें आम्ही म्हणणार नाहीं. तिनें ठराविक मर्यादेपर्यंत भरावें. उरलेला पैसा परदेशीं पोंचण्यापूर्वींच अडविला, तर ठकाचा वांटाच बुडतो. त्यासाठीं ग्राहकास तक्रार त्याच दिवशीं करावी लागेल, व कंपनीस ती रविवारींही ऐकून घ्यावी लागेल.